मेनमध्ये तळ्याकाठी घर घेताय? प्लॅनिंग बोर्डासमोर जाण्याआधी हे वाचा

बॉस्टनच्या बाजूची काही मराठी कुटुंबं हल्ली अमेरिकेच्या मेन राज्यात तळ्याकाठचं घर बघायला येतात. शनिवारी जागा बघतात, पाणी बघून हरखून जातात आणि घर नावावर झालं की विचारतात, "समोरची चार झाडं काढली तर तळं किती छान दिसेल, नाही का?" ती झाडं तोडण्याआधी हा लेख तुमच्या हाती पडावा, एवढ्यासाठी लिहिते आहे.

मी आमच्या गावच्या प्लॅनिंग बोर्डावर पर्यायी सदस्य म्हणून बसते. आमच्यापुढे येऊन अडणारे बहुतेक अर्ज क्रम चुकल्यामुळे अडतात. आधी ठेकेदार ठरतो, मग आराखडा होतो आणि सगळ्यात शेवटी परवानगीची आठवण येते. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. तोच इथे पायरीपायरीने देते.

आधी हे बोर्ड म्हणजे कोण, ते समजून घ्या

गावातलीच पाच-सात माणसं. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी सुतार, किनाऱ्यावरच्या गावात एखादा मच्छीमार. मानधन नसतंच किंवा नावापुरतं असतं. महिन्यातून एकदोनदा संध्याकाळी टाउन ऑफिसात बैठक होते आणि ती कुणालाही येऊन ऐकता येते.

हे बोर्ड कायदा करत नाही. गावचा जमीनवापराचा नियम, ज्याला इथे ऑर्डिनन्स म्हणतात, तो बहुतेक छोट्या गावांत टाउन मीटिंगमध्ये मतदार मंजूर करतात. आपल्या ग्रामसभेसारखीच ही सभा असते, फरक एवढाच की इथे तिचा ठराव हाच गावचा कायदा ठरतो. मात्र पाण्याकाठच्या जमिनीबाबत गावाचे हात पूर्ण मोकळे नाहीत. १९७१ साली मेनने पाण्याकाठच्या जमिनीच्या झोनिंगचा, म्हणजे कुठे काय करता येईल याचे विभाग पाडण्याचा, सक्तीचा कायदा केला. त्याला इथे शोरलँड झोनिंग म्हणतात. राज्याचं पर्यावरण खातं किमान नियमांचा नमुना देतं. गावाला त्याहून कडक नियम करता येतात, सैल करता येत नाहीत, आणि गावाने केलेल्या नियमाला खात्याच्या आयुक्तांची मंजुरी लागते. कोकणातल्या वाचकांना सीआरझेड, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, माहीत आहेत. तिथे अधिसूचना दिल्लीहून येते. इथे किमान मर्यादा राज्य ठरवतं, पण वही-पेन्सिल घेऊन तुमच्या अंगणात येतात ती गावचीच माणसं.

यातून निघणारी एक गोष्ट मनात पक्की करा. तुमचा अर्ज ऑर्डिनन्सच्या सगळ्या कलमांत बसत असेल तर बोर्डाला तो मंजूर करावाच लागतो, शेजाऱ्यांना आवडो न आवडो. आणि बसत नसेल तर तुम्ही कितीही सज्जन असलात, घर आजीआजोबांसाठी असलं, तरी बोर्डाला तो मंजूर करता येत नाही. म्हणून सगळी मेहनत त्या कलमांवर घ्या.

पहिली पायरी: पट्टा कुठून सुरू होतो ते बघा

हा कायदा लागतो तो २५० फुटांच्या पट्ट्याला. दहा एकरांहून मोठं नैसर्गिक तळं (कायद्याच्या भाषेत ग्रेट पॉन्ड; पुढे "मोठं तळं" म्हणते ते हेच), मोठी नदी, भरतीचं पाणी येणारा किनारा, दहा एकर किंवा त्याहून मोठी उघडी पाणथळ जागा, या सगळ्यांच्या काठापासून २५० फूट. लहान ओढ्याला ७५ फूट. मानवनिर्मित जलाशयाला तो साधारणपणे ३० एकरांच्या वर असेल तर ग्रेट पॉन्ड मानतात.

मोजायचं कुठून, यावर निम्मी भांडणं होतात. ऑगस्टमध्ये पाणी ओसरलेलं असताना जिथे पाणी दिसतं तिथून नाही. पाण्यातला झाडोरा संपून जमिनीवरची झाडं सुरू होतात, ती नेहमीच्या उच्च पातळीची रेषा धरायची. आणि अंतर आडव्या सरळ रेषेत मोजायचं, उतारावर टेप टाकून नाही. काठ चढाचा असेल तर उतारावर मोजलेले १०० फूट आडव्या रेषेत ९० भरतात आणि तुमचं घर अचानक हद्दीच्या आत येतं. शंका असेल तर परवानाधारक सर्व्हेयर बोलवा. त्याची फी नंतरच्या मनस्तापापेक्षा नक्कीच कमी असते.

अजून एक. मेनचा जवळपास निम्मा भूभाग कुठल्याच संघटित गावात नाही. तुमची जागा तशा भागात असेल तर तिथे गावचं बोर्ड नसतं, राज्याचं लँड यूज प्लॅनिंग कमिशन निर्णय घेतं. मूसहेड तळ्याच्या बाजूला जागा बघणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

दुसरी पायरी: टाउन ऑफिसात नकाशा आणि तक्ता मागा

घराच्या कराच्या बिलावर मॅप आणि लॉट असे दोन आकडे असतात. ते घेऊन टाउन ऑफिसात जा आणि शोरलँड झोनिंगचा नकाशा मागा. त्यावर तुमची जागा कुठल्या विभागात आहे ते कळेल. मर्यादित निवासी विभाग सर्वांत जास्त आढळतो. ओढ्याचा संरक्षण विभाग, मासेमारी आणि सागरी व्यवसायाचा विभाग, सर्वसाधारण विकासाचा विभाग असेही असतात. सर्वांत कडक म्हणजे संसाधन संरक्षण विभाग: मोलाच्या पाणथळ जागांचा काठ, नद्यांची पूररेषा, तीव्र उतार. तिथे नवीन घराला जवळपास मज्जावच असतो. अशी जागा स्वस्त मिळते, कारण उघड आहे.

मग ऑर्डिनन्समधला जमीनवापराचा तक्ता बघा. डावीकडे कामांची यादी, वर विभाग, आणि प्रत्येक चौकटीत एक खूण: काम परवानगीशिवाय चालेल, अजिबात चालणार नाही, कोड एन्फोर्समेंट ऑफिसरची परवानगी हवी, की प्लॅनिंग बोर्डाची. हा कोड अधिकारी गावाचा नेमलेला माणूस. बऱ्याच गावांत तो आठवड्यातले मोजकेच दिवस असतो. छोटी कामं त्याच्याच सहीने होतात. त्याची वेळ घ्या, नमस्कार-चमत्कार झाले की स्पष्ट विचारा, "हे काम तुमच्याकडे की बोर्डाकडे?" उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी "होईल, काही हरकत नाही" पुढे कामाला येत नाही.

राज्याच्या नमुन्यातले मुख्य आकडे असे. तुमच्या गावाचे याहून कडक असू शकतात, ते तपासा. मोठ्या तळ्यापासून बांधकाम १०० फूट मागे, बाकीच्या पाण्यापासून साधारण ७५ फूट. तळ्याकाठच्या एका घराला किमान ४०,००० चौरस फूट जमीन आणि २०० फूट काठ. भरतीच्या किनाऱ्यावर ३०,००० आणि १५० फूट. प्लॉटचा २० टक्क्यांहून जास्त भाग झाडोऱ्याविना नको. या २० टक्क्यांत छपराबरोबर खडीचा ड्राइव्हवे आणि गाड्या लावायची जागाही धरतात, हे लोकांना माहीत नसतं. आणि डेक हेही बांधकामच. "नुसता लाकडी डेक तर आहे" हे वाक्य बोर्डापुढे फार वेळा ऐकू येतं.

तिसरी पायरी: जुनं घर असेल तर त्याची हद्द ओळखा

तुम्ही घेताय ते घर बहुधा १९७१ च्या आधीचं, पाण्यापासून तीसचाळीस फुटांवरचं असणार. नियमाआधीचं म्हणून ते तिथे राहू शकतं, विकता येतं, दुरुस्त करता येतं. वाढवताना मात्र मापं लागतात. सध्याच्या नमुन्यानुसार पाण्यापासून २५ फुटांच्या आतलं बांधकाम वाढवता येत नाही. ७५ फुटांच्या आत सगळ्या बांधकामांचा मिळून जमिनीवरचा ठसा (बांधकामाने व्यापलेली जागा) १,००० चौरस फूट किंवा १ जानेवारी १९८९ रोजी होता त्याच्या ३० टक्के जास्त, यांपैकी जे मोठं असेल तेवढाच चालतो, आणि उंची २० फूट किंवा आहे तेवढी. मोठ्या तळ्याच्या १०० फुटांच्या आत हेच आकडे १,५०० चौरस फूट आणि २५ फूट होतात. काही गावांनी ३० टक्क्यांचा जुना हिशेब ठेवला आहे. आधीच्या मालकाने वाढ वापरून टाकली असेल तर तुमच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून घर घेण्याआधी टाउन ऑफिसातली त्या प्लॉटची फाइल काढून बघा. ती सार्वजनिक असते, मागितली की दाखवावी लागते.

सगळ्यात महागात पडते ती पायाची गोष्ट. जुनी घरं दगडांवर किंवा लाकडी खांबांवर टेकलेली असतात. घर जॅकवर उचलून खाली पक्का काँक्रीटचा पाया घालावा, असं कोणालाही वाटतं. पण पाया बदलला की घर शक्य तेवढं मागे सरकवता येईल का, हा प्रश्न उभा राहतो. निम्म्याहून जास्त किमतीची मोडतोड झाली किंवा घर पाडलं, तरी तोच. "शक्य तेवढं" म्हणजे किती, हे बोर्ड ठरवतं: प्लॉटचा आकार, उतार, माती वाहून जाण्याचा धोका, सेप्टिक कुठे आहे, मागे किती झाडं तोडावी लागतील, असं सगळं बघून. मागे खडक आहे, सेप्टिकची टाकी आहे, तर तसं नकाशावर दाखवा. सरकवता येणार नाही हे पुराव्याने दाखवणं तुमचं काम. तुमच्या वतीने कोणी ते करत नाही.

चौथी पायरी: झाडांना हात लावण्याआधी मोजा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण तळं टिकतं ते काठच्या झाडांच्या पट्ट्यामुळेच. पाऊस छपरावर, खडीवर, हिरवळीवर पडतो आणि माती घेऊन उताराने धावतो. त्या मातीला चिकटून फॉस्फरस येतो, आणि तळ्यात शेवाळाला हवा असतो तो नेमका हाच. झाडांखालचा पानांचा जाड, ओला थर हे पाणी धरून ठेवतो, गाळतो. थर गेला की काही उन्हाळ्यांत पाणी हिरवट दिसायला लागतं. केनेबेक परगण्यातल्या चायना लेकवर १९८० च्या दशकापासून लोकांनी हे प्रत्यक्ष पाहिलं. एकदा फॉस्फरस तळाशी साठला की तो काढणं पिढ्यांचं काम होऊन बसतं. पोर्टलंड शहर सिबेगो तळ्याचं पाणी पितं. त्या काठची झाडं ही हजारो घरांच्या नळाची राखण आहेत.

आता नियम. मोठ्या तळ्याच्या काठापासून १०० फुटांत झाडांचं राखीव कवच ठेवायचं. त्यात २५ बाय ५० फुटांचे चौकोन आखून प्रत्येकात झाडांना गुण देतात. छातीच्या उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर खोडाचा व्यास मोजायचा. दोन ते चार इंच: १ गुण. चार ते आठ: २. आठ ते बारा: ४. बारा किंवा जास्त: ८. झाड तोडल्यावरही त्या चौकोनात किमान २४ गुण शिल्लक राहायला हवेत. मोठं तळं सोडून इतर पाण्याकाठी १६.

प्रत्यक्षात कसं दिसतं बघा. तुमच्या चौकोनात एक चौदा इंची हेमलॉक आहे: ८. दोन दहा इंची पाइन: ८. तीन पाच इंची बर्च: ६. दोन तीन इंची मेपल: २. बेरीज २४. म्हणजे इथे एकही झाड काढता येत नाही, खोलीतून तळं कितीही झाकलेलं असो. तोच चौकोन ३२ गुणांचा असता तर एक मोठा हेमलॉक गेला असता. पण मग चार इंच आणि त्याहून जाड झाडांच्या एकूण घनफळाच्या ४० टक्क्यांहून जास्त दहा वर्षांत काढायचं नाही, हेही बघावं लागतं. शिवाय कुठेही २५० चौरस फुटांहून मोठं मोकळं भगदाड पडता कामा नये.

तीन फुटांखालची झुडपं, रोपटी आणि पानांचा थर यांना हात लावायचा नाही. "स्वच्छ करून घेतलं" म्हणजे नेमकं हेच उचललं, असं बरेचदा होतं. पाण्यापर्यंत पायवाट चालते, ती सहा फुटांहून रुंद नको आणि सरळ नको, वळणाची हवी, म्हणजे पाणी तिच्यावरून नाल्यासारखं धावत नाही. झाडाच्या खालच्या एक तृतीयांश भागातल्या फांद्या छाटता येतात. दृश्य हवं असेल तर तेच करा. अशा छाटलेल्या झाडांच्या मधून दिसणारं तळं मला तरी उघड्या काठापेक्षा जास्त आवडतं.

धोक्याचं, वाळलेलं झाड असेल तर आधी फोटो काढा, कोड अधिकाऱ्याला कळवा, मग करवत. वादळाने पडलेल्यालाही हेच.

पाचवी पायरी: सेप्टिक

परवानाधारक साइट इव्हॅल्युएटर मातीत खड्डे घेऊन आराखडा करतो. नवीन सेप्टिक मोठ्या तळ्यापासून साधारण १०० फूट दूर हवं. २०२० पासून शोरलँड भागातलं सेप्टिक असलेलं घर विकत घेताना त्याची तपासणी बंधनकारक आहे. उन्हाळी घर बारमाही राहण्यासाठी करायचं असेल तर त्याची वेगळी परवानगी स्थानिक प्लंबिंग इन्स्पेक्टर देतो. आईवडील सहा महिने येऊन राहणार असतील तर हे आत्ताच विचारून ठेवा.

सहावी पायरी: अर्ज आणि बैठक

अर्जाबरोबर मापात काढलेला नकाशा लागतो: पाण्याची रेषा, १०० फुटांची रेषा, आहे ते घर, हवं ते घर, सेप्टिक, झाडं, उतार, माती अडवायची सोय. कामाआधीचे काठाचे फोटोही. नमुना नियमांनुसार अर्ज पूर्ण आहे की अपुरा हे ३५ दिवसांत लेखी कळवायचं असतं, आणि पूर्ण धरल्यानंतर निर्णयालाही साधारण ३५ दिवस. रांग असेल किंवा जनसुनावणी ठेवली तर मोजणी तिथून. अपुरा अर्ज पुढच्या महिन्यावर जातो, आणि इथे बांधकामाचा हंगाम छोटा आहे. एक महिना गेला की वर्ष गेलं असं होतं.

पाण्यापासून ७५ फुटांच्या आत माती हलवायची असेल तर राज्याच्या पर्यावरण खात्याची वेगळी परवानगीही बहुधा लागते. गावाची मिळाली म्हणजे राज्याची मिळाली, असं नाही.

बोर्ड बहुधा जागेवर येऊन पाहणी करतं. त्या दिवशी घराचे कोपरे खुंट्या आणि रंगीत फितीने आखून ठेवा, तोडायच्या झाडांना फिती बांधा. रबरी बूट घालून आलेले सदस्य खुंटीपासून पाण्यापर्यंत टेप धरतात. ती मापं कागदाशी जुळली की अर्ध्या शंका तिथेच मिटतात. ही पाहणीही सार्वजनिक बैठकच असते, शेजारी येऊ शकतात.

बैठकीच्या बाहेर सदस्यांना फोन करू नका. आपल्याकडची ओळख काढण्याची सवय इथे तुमचंच नुकसान करते. अर्जाबद्दल खासगीत ऐकलेलं सदस्याला बैठकीत उघड करावं लागतं आणि निर्णय त्यावरून कोर्टात अडकू शकतो. सदस्य तुमचा नातेवाईक किंवा कंत्राटदार असेल तर तो बाजूला बसतो.

बोलण्याची पाळी आली की ऑर्डिनन्सचे मुद्दे क्रमाने घ्या. नमुन्यात ते नऊ आहेत: आरोग्यदायी परिस्थिती राहील, पाणी दूषित होणार नाही आणि माती वाहणार नाही, सांडपाण्याची सोय पुरेशी आहे, मासे, पक्षी आणि वन्यजीवांच्या जागांना इजा नाही, काठाचं झाडकवच आणि पाण्याकडे जायच्या वाटा राखल्या जातील, पुरातत्त्वीय आणि ऐतिहासिक ठेवा सुरक्षित, मासेमारी-सागरी विभागात असाल तर त्या धंद्याला अडथळा नाही, पुराच्या अडचणी टाळल्या आहेत, आणि जमीनवापराच्या मानकांत बसतं. प्रत्येकाला एक वाक्य आणि एक कागद. शेजाऱ्याने "दृश्य जाईल" म्हटलं तर चिडू नका. ते या यादीत बसतं का, ते बोर्ड बघेल.

सातवी पायरी: निर्णय वाचायला शिका

मत झालं की लेखी निर्णय येतो. त्यात आढळलेल्या गोष्टी, त्यावरचे निष्कर्ष आणि अटी असतात. आधी अटी वाचा: गाळ अडवायचं कापड कुठे, कुठली झाडं लावायची, कधीपर्यंत. अट मोडली तर परवानगी मोडली असाच अर्थ होतो, आणि दंड दिवसागणिक मोजतात. नामंजुरी असेल तर कारणं लेखी असायला हवीत. ती नसतील, नुसतं "बोर्डाला योग्य वाटत नाही" असं असेल, तर निर्णय कच्चा आहे. आणि हेच तुमच्या बाजूच्या निर्णयालाही लागू आहे: कारणं न लिहिता दिलेली मंजुरी शेजाऱ्याने आव्हान दिलं की फेरविचारासाठी बोर्डाकडे परत येऊ शकते. म्हणून बैठकीत तुम्हीच नम्रपणे म्हणा, "कृपया प्रत्येक मुद्द्यावरचा निष्कर्ष नोंदवा."

निर्णय पटला नाही तर अपील बोर्डाकडे लेखी निर्णयाच्या तारखेपासून ३० दिवस असतात. त्यापुढे सुपीरियर कोर्ट, अपील बोर्डाने मत दिलं त्या तारखेपासून ४५ दिवसांत. तारखा निसटल्या की दार बंद. नियमातून सूट मागण्याचा मार्ग आहे, पण तो अरुंद आहे: सूट मिळाल्याशिवाय जमिनीचा वाजवी उपयोगच होत नाही, अडचण तुमच्याच जमिनीच्या वेगळेपणामुळे आहे, परिसराचं रूप बदलणार नाही, आणि अडचण तुम्ही किंवा आधीच्या मालकाने ओढवलेली नाही, ही चारही सिद्ध करावी लागतात. "आणखी एक खोली हवी" हे त्यात बसत नाही. सूट मागण्यापेक्षा आराखडा बदलणं बहुतेक वेळा शहाणपणाचं.

परवानगी मिळाल्यानंतर

एका वर्षात ठोस काम सुरू झालं नाही तर ती संपते. सुरू झालं तर पूर्ण करायला आणखी एक वर्ष. जुन्या घराच्या वाढीला मंजुरी मिळाली असेल तर मंजूर नकाशा ९० दिवसांत परगण्याच्या डीड नोंदणी कार्यालयात नोंदवा. ठेकेदाराच्या करारात परवानगीची प्रत जोडा आणि अटी त्याला वाचून दाखवा, कारण जमीन तुमची आहे आणि नोटीस तुमच्या नावाने येते. काम संपलं की २० दिवसांत काठाचे नवे फोटो गावाला द्या. आधीचे काढले होते त्याच जागेवरून काढा, म्हणजे कोड अधिकाऱ्याला दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात आणि फाइल तिथेच बंद होते.